दरवर्षी बायबलातल्या लेवीय या पुस्तकात अडकतो. तुम्ही बायबल कसं वाचता आणि वागण्यात काय उतरतं?

माळावरची बाभूळ
१६ फेब्रुवारी, रात्री ११:१०

सगळ्यांना सलाम.

बरेच दिवस लिहू का नको असं चाललं होतं, आज लिहितोच. मी मूळचा नेवासा तालुक्यातला, सध्या चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, राहायला मोशीत. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. लहानपणी रोज दिवेलागणीला घरची उपासना असायची, एक गीत, एक अध्याय, प्रार्थना आणि मग जेवण. अध्याय वाचायचं काम माझ्याकडं, कारण आजीला वाचता यायचं नाही आणि वचन कानावर पडल्याशिवाय तिला घास गोड लागायचा नाही.

तर प्रश्न असाय. चार वर्षं झाली, दर १ जानेवारीला मोबाईलवर 'वर्षभरात संपूर्ण बायबल' वाला प्लॅन चालू करतो. एकूण ११८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन-चार आले. उत्पत्ती भराभर जातं कारण सगळ्या माणसांच्या गोष्टी आहेत, निर्गम निम्मं जातं, मग उपासनेच्या मंडपाची मापं सुरू झाली की पाय जड होतात आणि लेवीय आलं की गाडी बंद. होमार्पण, चरबी, गुरदे, अंगावरचे चट्टे, घराच्या भिंतीला आलेली बुरशी. काय वाचतोय आणि कशासाठी तेच कळत नाही. चारही वर्षं तिथंच थांबलो आणि प्रत्येक वेळी मनाला लागलं, की आजी ऐकायला आसुसलेली असायची आणि मला हातात सगळं असून वाचवत नाही.

यावर्षी ठरवलं की लेवीय सोडायचं नाही, पण रोज एकच अध्याय, तोही मोठ्यानं, आजीला वाचून दाखवायचो तसा. २९ जानेवारीला पहिला अध्याय. त्या हिशोबानं आज एकोणिसावा आला. आणि १३व्या ओवीला, म्हणजे वचनाला, मी गप्पच झालो. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको असं आहे तिथं.

आता माझी परिस्थिती सांगतो. माझ्या लाईनवर ठेकेदाराची ४२ पोरं आहेत, बीड-जालन्याची आहेत, बिहार-ओडिशाची आहेत. त्यांचा जानेवारीचा पगार आज १६ तारीख झाली तरी झालेला नाही. ठेकेदार म्हणतो कंपनीनं माझं बिल पास केलं नाही, अकाउंटवाले म्हणतात हजेरीचे कागद उशिरा आले, आणि मधल्या मधे पोरं मला विचारतात, साहेब कधी? मी म्हणतो होईल दोन दिवसात. हे मी ७ तारखेपासून म्हणतोय. रात्र एक नाही, नऊ झाल्या.

मला खरंच विचारायचंय की हे वचन मला लागू होतं का? पैसे माझ्या खिशात नाहीत, सही माझी चालत नाही, मी फक्त हजेरीपत्रक भरतो. पण वाचल्यापासून जेवण गेलं नाही.

अजून एक. त्याच अध्यायात थोडं वर, ९ आणि १० ओवीत, शेत कापताना पार कडेपर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या असं आहे. आमची आजी बाजरी खुडून झाली की आम्हा पोरांना त्या वावरात परत जाऊ द्यायची नाही. 'खाली राहिलेलं आपलं नाही' एवढंच म्हणायची. आम्हाला वाटायचं तिचा हट्ट. वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्या बाया येऊन कणसं वेचून न्यायच्या. आज ३५ वर्षांनी कळलं की ती हा अध्याय जगत होती, वाचायला येत नव्हतं तरी.

उंबरठा
१७ फेब्रुवारी, सकाळी ८:४२

दादा, मी ख्रिस्ती नाही, पण तुमचं लिहिलेलं वाचून थांबले. आधी एक विचारते, सरवा म्हणजे नक्की काय? पुण्यात वाढले, हा शब्द ऐकलेलाच नाही.

आणि दुसरं, हे मनापासून विचारतेय, वाद घालायला नाही. त्याच पुस्तकात डुक्कर खाऊ नका, दोन जातीच्या धाग्यांचं कापड घालू नका असंही आहे ना, मग त्यातलं हे लागू आणि ते नाही असं कोण ठरवतं?

गुरुजी निवृत्त
१७ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

उंबरठा ताई, सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर शेतात मागे राहिलेली कणसं, शेंगा, दाणे. भुईमूग काढला की मातीत राहिलेल्या शेंगा उकरून वेचतात तोही सरवाच. आमच्या नगर जिल्ह्यात दुष्काळी वर्षात कित्येक घरं सरव्यावर जगलेली मी पाहिली आहेत. मराठी बायबलात इथे हाच शब्द आहे आणि तो वाचला की मला भाषांतर करणाऱ्यांचे हात जोडून आभार मानावेसे वाटतात, कारण हा शब्द शब्दकोशात बसून सुचणारा नाही, तो बांधावर ऐकलेला असावा लागतो.

बाभूळ, तुम्ही लेवीयात अडकलात म्हणता, पण मी म्हणेन तुम्ही यावर्षी नेमके दारापर्यंत पोचलात. हा अध्याय सुरू कसा होतो पहा. पवित्र व्हा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे. आता आपल्याला वाटतं की पुढे उपास, सोवळं, मंदिर येईल. थोडं येतंही. पण बाकी काय येतं? आईबापांचा मान. शेताची कड. चोरी करू नका, खोटं बोलू नका. मजुरी. बहिऱ्याला शिव्या देऊ नको, त्याला ऐकू येत नाही म्हणून. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभा रहा. तराजू खरा ठेव, मापं खरी ठेव. आणि दर दोन-चार ओळींनंतर 'मी परमेश्वर आहे'. बहिरा ऐकत नाही, आंधळा पाहत नाही, मजूर बोलू शकत नाही, पण मी आहे, असा त्याचा रोख. मी ४० वर्षं मराठी शिकवलं, एखादी ओळ इतक्या वेळा परत येऊन दर वेळी जड होत जावी असं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

आणि १८वी ओवी, आपल्यासारखीच आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर. येशूला सर्वात मोठी आज्ञा कोणती विचारलं तेव्हा त्याने दुसरी म्हणून हीच उचलली, मत्तय २२ आणि मार्क १२ मध्ये आहे. आपण ती ओळ भिंतीवर फ्रेम करून लावतो पण ती ज्या घरातून आली ते घर पाहत नाही. तिच्या पाचच ओव्या आधी तुमच्या ४२ पोरांचा पगार आहे.

ताईंचा दुसरा प्रश्न खरा अवघड आहे. थोडक्यात सांगतो. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, अन्नाबद्दलचे आणि विधींचे बहुतेक नियम ख्रिस्ती मंडळीवर बंधनकारक नाहीत हे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळातच ठरलं, प्रेषितांची कृत्ये अध्याय १० आणि १५ वाचा. पण शेजारी, मजूर, गरीब, परका यांच्याबद्दलचं काही सैल झालं नाही, उलट येशूने ते आणखी आवळलं. मला तरी हे असंच समजलं आहे.

पुढचं वाचन सुचवू का? लेवीयानंतर गणना या पुढच्या पुस्तकाकडे जाऊ नका, रूथचं पुस्तक काढा. चारच अध्याय आहेत. एक विधवा परदेशी सून, सासूला घेऊन जगायचंय, जवाच्या कापणीत सरवा वेचायला जाते. शेतमालक बवाज आपल्या माणसांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाकत जा आणि तिला धमकावू नका. कायदा म्हणतो पडलेलं राहू द्या. हा माणूस म्हणतो, मुद्दाम पाडा. त्या रूथच्या पोटी पुढे दावीद राजाचा आजा जन्मला.

रातपाळी
१८ फेब्रुवारी, पहाटे ४:५०

गुरुजी तुमचं लिहिलेलं ड्युटीवर वाचलं, आता जरा वेळ मिळालाय म्हणून लिहिते. मी स्टाफ नर्स, १९ वर्षं झाली, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली.

माझं वाचन सांगते. प्लॅन वगैरे मला कधी जमलेच नाहीत. मी स्तोत्रं वाचते. १५० आहेत, नाईटला एक. तीन-साडेतीनला वॉर्ड शांत होतो तेव्हा. १३०वं स्तोत्र आहे ना, पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून माझा जीव प्रभूची वाट पाहतो, ते मला आधी नुसतं छान वाटायचं, नाईट करायला लागल्यावर अंगात उतरलं. पहाटेची वाट बघणं म्हणजे काय ते ज्यांनी व्हेंटिलेटरच्या पेशंटजवळ रात्र काढलीय त्यांना विचारा.

पण बाभूळदादा, तुम्ही विचारलंय वागण्यात काय उतरतं, तर त्याचं सांगते. आमच्या फॅमिली ग्रुपवर यिर्मया २९:११ सारखं येतं, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, वर गुलाबाचं चित्र. मीपण पुढे पाठवायचे. एका रात्री म्हटलं पूर्ण अध्याय वाचून बघू. तर ते पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. आणि ११च्या आधी १०व्या ओवीत काय लिहिलंय, तर ७० वर्षं लागतील. म्हणजे वाचणाऱ्यातले बरेचसे तिथंच मरणार होते. त्यांना सांगितलंय घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा. ज्यांनी घरदार सोडायला लावलं त्यांच्या शहरासाठी. तेव्हापासून ती एकटी ओळ पाठवणं मी बंद केलं. आणि ज्या वॉर्डात मला बदली करून टाकलं होतं, जिथं मला जायचं नव्हतं, तिथं मी मळा लावायचं ठरवलं. म्हणजे काय केलं, तर आमच्या वॉर्डमधल्या मावश्या, झाडूपोछावाल्या, त्यांना कोणी नावानं हाक मारत नव्हतं, ए मावशी एवढंच. मी सगळ्यांची नावं पाठ केली. त्यांना बसायला खुर्ची नव्हती, ती मागून घेतली, तीन महिने लागले. एवढंच जमलं. मोठं काही नाही पण ते त्या अध्यायातूनच आलं.

तुम्ही 'होईल दोन दिवसात' म्हणणं आधी बंद करा दादा. पेशंटच्या नातेवाईकांना आम्हीपण म्हणतो तसं. त्यानं त्यांचं नाही, आपलं समाधान होतं.

कृपापात्र
१८ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

प्रेज द लॉर्ड. सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं म्हणायचंय, कोणी वाईट वाटून घेऊ नका.

आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत, हे प्रेषित पौलानं रोमकरांस पत्रात स्पष्ट सांगितलंय. बायबल हे तारणाचं पुस्तक आहे, कामगार कायद्याचं नाही. भावानं पोरांसाठी प्रार्थना करावी, उपास करावा, मॅनेजरचं मन वळवणं हे देवाचं काम आहे. घरात लहान लेकरं असताना नोकरीवर पाणी सोडायला कुठलं वचन सांगत नाही. मीसुद्धा खासगी नोकरीत आहे, तिथं तोंड उघडलं की काय होतं ते पाहिलंय म्हणून काळजीनं सांगतोय.

तेलघाणी
१८ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्यातला. धागा ख्रिस्ती वाचनाबद्दल आहे हे माहितीय पण लेवीयाचं नाव वाचून राहवलं नाही, कारण हे पुस्तक आमचं पण आहे. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. नावच पुस्तकातल्या एका आज्ञेवरून पडलं.

बाभूळ, तुम्ही अडकता याचं एक कारण मला असं वाटतं की तुम्ही एकटे वाचता. सिनेगॉगमध्ये तोराचे, म्हणजे पहिल्या पाच पुस्तकांचे, भाग पाडलेले असतात, दर शब्बाथला (शनिवारी) एक, वर्षात सगळं पूर्ण होऊन परत पहिल्यापासून. त्यात लेवीय गाळायची सोयच नाही. तुमचा १९वा अध्याय ज्या भागाच्या सुरुवातीला येतो त्याचं नाव कदोशीम, म्हणजे पवित्र असणारे, तो पेसाहचा सण होऊन गेल्यावर एप्रिल-मेच्या सुमाराला येतो. आणि पूर्वीपासूनची अशी रीत आहे की लहान मुलांचं शिक्षण उत्पत्तीपासून नाही, लेवीयापासून सुरू करायचं. जे तुम्हाला सर्वात अवघड वाटतं ते आमच्याकडं पाच वर्षांच्या पोराला देत आलेत. गुरुजींनी रूथ सांगितलं, ते आम्ही शावुओतच्या सणाला वाचतो, कापणीचाच सण तो.

शेताच्या कडेला हिब्रूत पेआ म्हणतात. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) जुन्या नियमसंग्रहात, त्यावर अख्खा एक विभाग आहे, तो सुरू होतो तोच असा की ज्या गोष्टींना माप नाही त्यात ही कड येते. पुढं रब्बींनी ६०व्या भागापेक्षा कमी सोडू नये असं म्हटलंय, पण वर कितीही. मला यातलं एक आवडतं की ते दान म्हणून सांगितलेलं नाही. मालकानं कापून, पोत्यात भरून, बोलावून दिलं तर ते दान झालं. इथं तो भाग कापायचाच नाही. गरीब स्वतः येणार, स्वतः कापून नेणार, मालकाला थँक्यू म्हणायची गरज नाही कारण ते मालकाचं नव्हतंच. तुमच्या आजींनी हेच म्हटलं, आपलं नाही. मी तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली, ती म्हणाली या बाईंना भेटायला पाहिजे होतं.

गुरुजी निवृत्त
१८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०५

तेलघाणी, शालोम. तुमच्यामुळे आज नवीन शिकलो.

कृपापात्र, तुमची काळजी खरी आहे आणि बाभळीने नोकरी सोडावी असं मीही म्हणत नाही. पण ज्या रोमकरांस पत्राचा आधार तुम्ही घेतलात त्याच्याच १३व्या अध्यायात पौल म्हणतो कोणाचं देणं ठेवू नका, एकमेकांवर प्रीती करण्याचं मात्र असो द्या, आणि लगेच लेवीय १९ मधली शेजाऱ्याची ओळ देतो. याकोबाच्या पत्रात ५व्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे असं लिहिलंय. हा तर नवा करार आहे. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू उतरला तेव्हा येशूने नियम सांगितल्याचं लूकने लिहिलेलं नाही, तरी जक्कय उठून म्हणाला की निम्मं गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. त्यावर येशू म्हणाला, आज या घराचं तारण झालं. कृपा आधी आली, हिशोब तिच्या मागोमाग निघाला. कृपा आणि पगारपत्रक यांची फारकत करणं मला त्या घरात बसून जमत नाही.

अजून एक सांगावंसं वाटतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली-बायकांना आसरा दिला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर हाती घेतलं, कारण त्या वेळचं भाषांतर त्या खेड्यातल्या बायकांना कळत नव्हतं. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण शब्द निवडले साध्या बाईच्या तोंडातले. छपाईचं कामसुद्धा मुक्तीतल्याच मुली-बायकांनी केलं. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, काम त्याआधी हातावेगळं झालं होतं, पूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ ला. म्हणजे वाचणं, अनाथ मुलीला भाकरी देणं आणि तिच्या हाताला धंदा देणं हे त्यांच्याकडे एकाच छपराखाली चाललं होतं. मला कोणी बायबल कसं वाचावं विचारलं की मी केडगावकडे बोट दाखवतो.

आगाशीकर
१८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

आज राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आत्ताच मिस्सावरून (चर्चमधल्या उपासनेवरून) आलो, कपाळावर राख आहे आणि हा धागा समोर आला. आम्ही वसईकडचे कॅथलिक.

तेलघाणींचं पटलं. आमच्याकडंही वाचन वाटून दिलेलं असतं, रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात असतात, रोजची वेगळी. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकानंतर मराठी आली आणि त्यांनी पहिल्यांदा वाचन आपल्या भाषेत ऐकलं तेव्हा ते रडले होते. आपल्याला मोबाईलवर फुकट मिळतं म्हणून त्याची किंमत कळत नाही असं कधीकधी वाटतं.

आता खरं सांगायचं ते. येत्या शुक्रवारी मिस्साला यशया ५८ आहे. लोक देवाला विचारतात आम्ही उपास केला, तू बघत का नाहीस? तो म्हणतो तुम्ही उपासाच्या दिवशी आपलं कामकाज साधता आणि आपल्या मजुरांना राबवून घेता. मला हवा तो उपास म्हणजे जुवाची दोरी सोडणं, भुकेल्याला आपली भाकरी देणं. आणि त्यापुढच्या सोमवारी, २३ तारखेला, पहिलं वाचन कोणतं आहे बघितलं तर लेवीय १९! मजुरीची ओवी त्यात आहे. सोबत शुभवर्तमान मत्तय २५, मी भुकेला होतो तुम्ही मला खायला दिलं. दरवर्षी उपवासकाळाच्या पहिल्या सोमवारी हेच असतं आणि मी इतकी वर्षं ऐकत आलोय, पण यावेळी ४२ पोरं डोळ्यांसमोर ठेवून ऐकणार.

आमची केळीची आणि भाजीची छोटी वाडी आहे, दोन आदिवासी बाया कामाला येतात. शनिवारी पैसे द्यायचे असं ठरलेलं, पण भाजीवाल्याकडून मला मंगळवारी मिळतात म्हणून मी मंगळवारी द्यायचो. त्यांनी कधी तक्रार केली नाही. या उपवासकाळात मटण-मासळी सोडायची ती सोडूच, पण आधी शनिवारचे पैसे शनिवारी.

हिशेबनीस
१९ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

मी पगाराच्याच कामात आहे, कामाचं तेवढं लिहितो. १९३६च्या वेतन कायद्यापासून चालत आलेला नियम असा की महिना संपल्यावर ७ दिवसांत पगार झाला पाहिजे. आणि १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून हेही चालत आलंय की ठेकेदारानं नाही दिला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, कंपनीनं द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा. त्यामुळं 'ठेकेदार बघेल' हे उत्तर कंपनीला देता येत नाही. बाभूळ, तुम्ही भांडायला जाऊ नका, एका पानाची नोट करा, कोणत्या तारखेला हजेरी दिली, किती जण, किती दिवस उशीर. तारखा लिहिलेल्या असल्या की मॅनेजरलाही वर बोलायला सोपं जातं. खूपदा कागद एका टेबलावर नुसता पडून असतो.

उंबरठा
१९ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

मी रूथ वाचलं काल, चारही अध्याय. सासूला 'तुम्ही जाल तिथं मी येईन' म्हणणारी सून, आणि सासू तिला माघारी पाठवत असताना. मला वाटलं होतं धर्माचं पुस्तक म्हणजे उपदेश असेल, इथं तर कोणी कोणाला उपदेश करत नाही. पुढं काय वाचू गुरुजी?

गुरुजी निवृत्त
१९ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:४५

ताई, मार्क. सोळाच अध्याय आहेत, शुभवर्तमानांत सर्वात लहान, एका बैठकीत होतं. पण मोठ्याने वाचा. मार्क ऐकण्यासाठी लिहिलेला आहे.

माळावरची बाभूळ
२५ फेब्रुवारी, रात्री १०:३०

उशीर झाला उत्तराला, माफ करा. एकेकाचं वाचत होतो, दोन-दोनदा वाचलं.

१८ तारखेला रातपाळी सिस्टरांचं वाचून कामावर गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत पोरांना सांगितलं की मी तुम्हाला दोन दिवस दोन दिवस म्हणत होतो, मला काहीच माहिती नव्हतं, आता माहिती काढून सांगतो. ते गप्प बसले. एक जण म्हणाला, साहेब, एवढं तरी कोणी सांगितलं. ते ऐकून जास्तच वाईट वाटलं.

मग हिशेबनीस म्हणाले तशी १९ ला नोट केली. तारखा मांडायला बसलो तेव्हा कळलं की हजेरीपत्रक ठेकेदाराकडं ५ तारखेऐवजी ९ ला गेलं होतं, आणि ते उशिरा पाठवणारा मी होतो. त्या आठवड्यात ऑडिट होतं, मी म्हटलं नंतर देऊ. म्हणजे सगळा उशीर माझा नाही पण पहिले चार दिवस माझे. १६ ला मी इथं लिहिलं होतं की मी फक्त हजेरीपत्रक भरतो. ते 'फक्त' आता मला बोचतंय. नोटमध्ये ते तसंच लिहिलं. प्रार्थना करून गेलो, कृपापात्र भाऊ, तुमचंही ऐकलं. मॅनेजरनं वाचलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि अकाउंटला फोन लावला. काल, २४ ला, पगार झाला. पुढच्या महिन्यापासून हजेरी १ तारखेला संध्याकाळी जायची असं ठरलंय, ती मी स्वतः नेऊन देणार.

पण ४२ पैकी दोघं १७ लाच गावाकडं निघून गेले होते. खोलीचं भाडं थकलं म्हणून.

घरची गोष्ट पण सांगतो. सौ.ला सगळं सांगत होतो तर ती म्हणाली, आपल्या भांडीवाल्या मावशींना आपण कधी देतो? आम्ही १० ला देतो, १२ ला देतो, आमच्या सोयीनं. पाच वर्षं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या त्यांचं दुकानाचं खातं १ तारखेला असतं. आता १ ला देणार.

आणि भावाला फोन केला. गावाकडं कांदा काढणी चालू आहे. बारका कांदा, चिंगळी, शेतातच राहते, मागच्या वर्षी त्यानं ट्रॅक्टर घालून ती गाडून टाकली होती. त्याला आजीचं बोलणं आठवण करून दिलं. तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला दोन दिवस रोटर थांबवतो, वस्तीवर सांगून ठेव म्हणतो आईला. हार्वेस्टरनं गहू काढला की कड कशी सोडायची ते मात्र आम्हाला दोघांनाही कळत नाहीये. मशीन पार बांधापर्यंत जातं. आगाशीकर, तेलघाणी, कोणाला काही माहिती असेल तर सांगा.

आगाशीकर
२६ फेब्रुवारी, सकाळी ७:२५

मशीनवाल्याला आधीच सांगून कडेच्या दोन ओळी सोडायला लावता येतात, आमच्या ओळखीच्या एकानं भाताला केलंय तसं. तो आधी कुरकुर करतो कारण त्याचं भाडं एकरावर असतं, ते पूर्ण द्यायचं म्हणजे काही बोलत नाही.

सोमवारी वाचन ऐकलं. त्याआधी शनिवारी दोघी बायांना पैसे दिले तर एक म्हणाली आज काय सण आहे काय.

कृपापात्र
२६ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

बाभूळ भाऊ, तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करत होतो. तुम्ही नोटमध्ये स्वतःची चूक लिहिली हे वाचून मला माझ्याच काही गोष्टी आठवल्या. गुरुजी, जक्कयाचं मी इतक्यांदा संडे स्कूलला शिकवलंय, तो येशूला पाहायला झाडावर चढतो तिथपर्यंतच शिकवलं. पुढच्या रविवारी चौपटीपर्यंत शिकवीन.

रातपाळी
२७ फेब्रुवारी, पहाटे ४:१५

दादा, ते जे दोघं गेले त्यांचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?

माळावरची बाभूळ
२७ फेब्रुवारी, रात्री ९:५५

होता. सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून आज लावला. एकाचा लागला नाही. दुसरा जालन्याकडचा, त्यानं उचलला. पगार खात्यात आला म्हणाला. मी माफी मागितली, हजेरी माझ्याकडून उशिरा गेली ते सांगितलं. तो म्हणाला असू द्या साहेब. मग थोडं थांबून म्हणाला, साहेब, फेब्रुवारीचे १ ते १७, त्याचं कसं?

महिना अर्धवट सोडून गेलेल्याची हजेरी आमच्याकडं महिनाअखेरीच्या यादीत येतच नाही, वेगळा कागद करावा लागतो, आणि तो कोणी करत नाही. उद्या शनिवार आहे, माझी पहिली पाळी. दोघांचाही कागद आत्ता घरी लिहून पिशवीत ठेवलाय, ठेकेदार गेटवर साडेसहाला येतो.